रफूचा टॉर्च

टॉर्च बंद पडला तेव्हा वहिनी एका पँटच्या गुडघ्यावर रफू करत होत्या. आधी तो दोनदा मिचमिचला, मग विझला. त्यांनी सुई तशीच कापडात टोचून ठेवली आणि उठून त्याला दोन चापट्या दिल्या. एरवी एका चापटीत शुद्धीवर येणारा टॉर्च या वेळी काही उठला नाही.

रफूचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकी एक, तीही समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून बसलेली. छताला ट्यूबलाइट होती, पण कापडावर वाकलं की स्वतःच्याच डोक्याची सावली कामात यायची. म्हणून वहिनींच्या नवऱ्याने बारा वर्षांपूर्वी भिंतीत एक आकडा ठोकून त्यात हा टॉर्च अडकवून दिला होता. डाव्या खांद्यावरून त्याचा उजेड नेमका सुईच्या टोकाशी येई. नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

गल्लीत सगळेच त्यांना वहिनी म्हणत, पण नात्याने तसं म्हणणारा माणूस एकच होता, त्यांचा धाकटा दीर. भाऊजी टेलिफोन खात्यात जमिनीखालच्या केबली जोडायचे. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर खात्याची खोली सोडावी लागली, तेव्हा वहिनींनीच त्यांना बोलावून घेतलं. येऊन दोन महिने झाले होते आणि या दोन महिन्यांत त्यांनी नळाची गळती थांबवली, दाराच्या कडीला तेल दिलं आणि पाच मिनिटं पुढे असलेलं भिंतीवरचं घड्याळ बरोबर लावलं. ते वहिनींनी मुद्दाम पुढे ठेवलं होतं, हे त्यांना मागाहून कळलं.

वहिनी नवीन टॉर्च आणायला निघाल्या होत्या. भाऊजींनी हात पुढे केला आणि म्हणाले, एकदा मला बघू तरी द्या.

त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि टॉर्च उघडला. सेलमधून पाणी सुटून मागची स्प्रिंग हिरवी पडली होती. बटणाखालचं रबर चिकट झालं होतं. पुढे एलईडीची चकती होती आणि तिच्या मागे नखाएवढं सर्किट, त्याचा एक कोपरा जळून काळा झालेला. भाऊजींनी सगळं एका ताटलीत मांडून ठेवलं आणि त्यांचा चेहरा खूप दिवसांनी उजळला. बाहेरच्या जुन्या नळीशिवाय सगळंच बदलायचं, असं त्यांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून ते नवी स्प्रिंग, नवं बटण, नवं सर्किट, अंगठ्याएवढा जाड चार्जिंगचा सेल आणि दुकानात होता त्यातला सर्वांत जोरदार एलईडी घेऊन आले. एलईडी त्याच्या चकतीवर आधीच तारा जोडलेला मिळाला, त्यामुळे काम दुपारच्या चहापर्यंत उरकलं.

टॉर्च लावला तर खोली पांढरीफट्ट झाली. कोपऱ्यातली जळमटंसुद्धा दिसली. शेजारचा चष्मेवाला बघायला आला, त्याची बायको आली, आणि भाऊजींनी प्रत्येकाला तो समोरच्या भिंतीवर मारून दाखवला. वहिनींनी तोंडभरून कौतुक केलं. आधीचा उजेड पिवळट होता, मिणमिणता होता. आता कापडातला एकेक ताणा मोजून घ्यावा असा दिसत होता.

त्या उजेडात त्यांनी केलेलं पहिलं मोठं काम म्हणजे दरवानाचा कोट. मोठ्या हॉटेलच्या दारावर उभा राहणारा तो उंचापुरा माणूस. आवाज मात्र इतका मऊ, की त्याचं बोलणं ऐकायला वहिनींना मशीन थांबवावं लागे. कोट गडद लाल, डाळिंबी म्हणावा असा. कोपरावर खिळ्याने फाटला होता. वहिनी सहसा कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागे ओढून रफू करत, पण हा कोट वर्षानुवर्षं उन्हात उभा राहून बाहेरून फिकटला होता आणि आतला धागा गडदच राहिला होता. त्यामुळे त्यांनी आपल्या डब्यातल्या रिळांतून रंग जुळवला. दोन दिवस मान मोडून काम केलं. फाटलेली जागा त्यांची त्यांनाच सापडेना, तेव्हा कोट दिला.

चार दिवसांनी दरवान परत आला. बराच वेळ दारातच घुटमळला. मग त्याने सांगितलं, की काम सुंदरच आहे, पण उन्हात उभं राहिलं की कोपरावर मातकट डाग दिसतो, आणि मॅनेजरसाहेबांनी दोनदा विचारलं. वहिनींनी कोट बाहेर नेला. खरंच दिसत होता. लाल कापडावर विटकरी रंगाचा चौकोन, लहान मुलालाही दाखवता येईल असा.

इतक्या वर्षांत त्यांचं काम कधी परत आलं नव्हतं. कोट ठेवून घेतला, पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि त्या रात्री त्या नीट जेवल्या नाहीत. भाऊजींनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला म्हणून बाहेर पडल्या आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी रंगीत ठिपक्यांत लपवलेले आकडे वाचायला लावले. वहिनींनी सगळे वाचले.

"डोळे ठणठणीत आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चष्म्याचा नंबरसुद्धा तोच आहे. तुमच्यापेक्षा माझे वाईट आहेत."

वहिनी परत आल्या त्या भाजी न घेताच. डोळे शाबूत असतील तर मग बिघडलं काय, हा घोर उलट वाढला. घरात कोणी नव्हतं. त्यांनी कोट आणि ते रीळ टॉर्चखाली धरलं. दोन्ही एकच रंग. मग तेच दोन्ही गॅलरीत उन्हात नेलं. कोट डाळिंबी, रीळ विटकरी. पुन्हा आत, पुन्हा बाहेर, असं चार वेळा केलं आणि चौथ्या वेळी त्या आकड्याला लटकणाऱ्या टॉर्चकडे बघत उभ्या राहिल्या. उजेड भरपूर होता, पण त्यात लाल रंग धड दिसतच नव्हता.

हे भाऊजींना सांगायचं कसं? माणसाने दोन महिन्यांत पहिल्यांदा मनापासून काही केलं होतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवलं होतं. वहिनींनी सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपलं स्टूल गॅलरीत हलवलं. म्हणाल्या, आत उकडतं. गॅलरी सगळ्या मजल्याची, जाणारे येणारे त्यांच्या गुडघ्यांना अडखळून जाऊ लागले. चष्मेवाल्याची बायको दूध आणताना दर वेळी म्हणायची, वहिनी, पाय आत घ्या. वारा आला की धागे उडायचे. दुपारी ऊन सरकलं की स्टूलही सरकवावं लागे आणि चारनंतर काम बंद.

आत भाऊजी एकटे बसून राहू लागले. त्यांनी टॉर्चचा सेल भरून ठेवला, काच पुसून ठेवली, पण तो लावायला कोणी येईना. ते खोलीत आले की वहिनी उठून बाहेर जातात, असं त्यांच्या मनाने घेतलं. सहाव्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी कप खाली ठेवला.

"वहिनी, महिनाअखेरीला मी एखादी खोली बघतो म्हणतो."

"का? इथे काय कमी पडलं?"

"कमी काही नाही. तुम्हाला एकटीने राहायची सवय आहे. माझ्यामुळे तुम्हाला तुमच्याच घराच्या बाहेर बसावं लागतं. दादा असता तर गोष्ट वेगळी."

वहिनी उठल्या, कोट आणि रीळ आणलं आणि टॉर्च लावून दोन्ही त्याच्याखाली धरलं.

"हे दोन रंग सारखे आहेत का सांगा."

"सारखेच आहेत."

"आता बाहेर चला."

गॅलरीत भाऊजींनी कोट पाहिला, रीळ पाहिलं, पुन्हा कोट पाहिला. त्यांना समजायला वेळ लागला नाही. केबलमधल्या शेकडो तारा त्यांनी रंगावरूनच जोडल्या होत्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली बसून त्यांनी एक केबल जोडली होती. सकाळी निम्म्या वस्तीचे फोन भलत्याच घरी वाजत होते आणि साहेबांनी सगळ्यांसमोर झाडलं होतं. हे सगळं त्यांनी वहिनींना तिथेच उभ्या उभ्या सांगितलं.

"मला कळायला हवं होतं," ते म्हणाले. "मी नुसता झगझगाट बघत बसलो. पण तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तुम्ही इतक्या हौसेने केलंत. मला वाटलं, मन मोडेल."

"म्हणून गॅलरीत बसलात? पाच दिवस?"

"सहा," वहिनी म्हणाल्या, आणि दोघांनाही हसू आलं.

भाऊजी लगेच चपला घालून निघाले. टॉर्चचे सुटे भाग विकणाऱ्याला रंगाचं विचारलं तर तो म्हणाला, पांढरा आहे की, आणखी कोणता रंग हवा? पाच दुकानं फिरल्यावर फोटो स्टुडिओचे दिवे दुरुस्त करणारा एक माणूस सापडला. त्याने खणातून एक चकती काढली. उजेड कमी पडेल, म्हणाला, थोडा पिवळसर वाटेल, पण माणसाचा चेहरा जसा आहे तसा दिसेल. भाऊजींनी खिशातून डाळिंबी कोटाचा धागा आणि विटकरी धागा काढून त्याच्या दिव्याखाली धरला. दोन्ही वेगळे दिसले. त्यांनी चकती घेतली.

या चकतीला तारा जोडलेल्या नव्हत्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन जागांवर तारा डाख देऊन चिकटवायच्या होत्या. भाऊजींनी सोल्डरिंग आयर्न तापवलं, चष्मा नाकावर सरकवला, पण तार काही जागेवर बसेना. त्यांचा उजवा हात कापत होता. गेल्या वर्षभरापासून कापतो, असं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. आधी मिळाला तो एलईडी तारांसकट घेतला, त्याचंही कारण तेच होतं.

वहिनींनी स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "कुठे टेकवायचं ते दाखवा."

त्यांनी हे हत्यार आयुष्यात धरलं नव्हतं. पण केसाएवढा धागा कापडात सोडणारा हात होता. भाऊजी सांगत गेले: आधी टोक स्वच्छ करा, आता जागा तापू द्या, घाई नको, आता तार आणा, आता हलवू नका. लाल तार अधिक खुणेवर बसली. काळी दुसऱ्या खुणेवर बसली. चकतीखाली उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट लावून भाऊजींनी झाकण फिरवलं. उजेड आला तो पहिल्यासारखा लखलखीत नव्हता, पण वहिनींनी डब्यातली लाल रिळं एकेक करून त्याखाली धरली आणि अकरा लाल अकरा तऱ्हांचे दिसले.

"असं आहे तर," त्या म्हणाल्या, आणि त्यांतलं एक रीळ उचललं.

कोटाचा जुना रफू उसवण्यातच एक दिवस गेला. नवा घालायला तीन लागले. भाऊजी शेजारी बसून सुया ओवून देतो म्हणाले, पण ते जमेना, तेव्हा त्यांनी रिळांवर रंगांच्या चिठ्ठ्या लावायचं काम घेतलं. काही रंगांना नावंच नव्हती. त्यांना त्यांनी स्वतः नावं दिली: ओली वीट, जुनं पितळ, चष्मेवाल्याचा शर्ट. खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. महिनाअखेर आली, वहिनींनी त्यांच्या कपड्यांसाठी कपाटातला खालचा कप्पा रिकामा केला आणि त्यांनी त्यात कपडे लावले.

दरवान आला तेव्हा ऊन चांगलं पडलं होतं. तो कोट घेऊन गॅलरीत गेला. डावं कोपर पाहिलं, उजवं पाहिलं, पुन्हा डावं. मग संकोचून आत डोकावला आणि आपल्या मऊ आवाजात विचारलं, फाटला होता तो नेमका कुठला हात?

वहिनींनी त्याला दाखवायला कोट हातात घेतला. त्यांनाही दोन वेळा बाही फिरवून बघावी लागली.