व्हॅनिटीचा तास

सरस्वती एकेका शब्दासाठी एकेक माणूस मुद्दाम पृथ्वीवर पाठवते, असं गुरुपादप्पा निलंगे सरांचं ठाम मत होतं. त्यांच्या वाट्याला ‘व्हॅनिटी’ हा इंग्रजी शब्द आला होता. त्यांच्या पत्नी शांतम्मांच्या माहितीप्रमाणे त्यांना कोथिंबीर आणायला पाठवलं होतं आणि ते मेथी घेऊन आले होते.

सर कंधारच्या एका हायस्कुलात तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि नांदेडला राहायला आले. दरवर्षी दहावीचा एक अख्खा तास ते या एका शब्दाला देत. फळ्याचे दोन भाग करायचे. डावीकडं पहिला अर्थ : आपल्या रूपाचा, हुशारीचा पोकळ तोरा. उजवीकडं दुसरा, जरा जुना : ज्यातून शेवटी हाती काहीच लागत नाही, ते सगळं. मग खडू ठेवून, हात झटकून, वर्गाकडं बघत उभं राहायचं. परीक्षेत हा शब्द कधीच आला नाही. त्यात दोष बोर्डाचा होता.

यंदा जानेवारीत दोन हजार सहाच्या दहावीच्या बॅचनं कंधारात स्नेहमेळावा ठेवला आणि सरांना बोलावलं. सरांनी मनाशी ठरवून टाकलं. भाषण करायचं नाही. फक्त या शब्दाचा अर्थ विचारायचा. एकानं जरी सांगितला, तरी तेहतीस वर्षं सार्थकी लागली.

“आन एकालाबी न्हाई आला तर?” शांतम्मांनी विचारलं.

“येईल.”

“येणारच हाय तर विचारून कशाला राहिलाव? लेकरं जेवायला यायलीत, परीक्षेला न्हाई.”

सरांनी मिशीला कलपाचा दुसरा हात दिला.

मंगल कार्यालयात सत्कार झाला, शाल झाली, सरांसोबतचे फोटो झाले. मग सरांनी माइक हातात घेतला.

“व्हॅनिटी! अर्थ कोण सांगतो?”

वीस वर्षांत बायको आणि साहेब सोडून कुणालाही न भ्यालेली चाळीस माणसं एकदम खाली बघायला लागली. तहसीलमधला एक अव्वल कारकून वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या पायात चप्पल होती.

शेवटच्या रांगेतून हात वर आला. गुंडप्पाचा. आता त्याचं टायरचं दुकान आहे.

“सर, हिरोइन ज्या गाडीत बसून तोंड रंगवती ती.”

“ती व्हॅन झाली. त्यात व्हॅनिटी काय?”

“एसी, सर.”

हशा ओसरेपर्यंत सर छताकडं बघत राहिले. मग तिसऱ्या रांगेतून धम्मप्रिया वाघमारे उठली. वर्गातली पहिली, आता फार्मसी कॉलेजात शिकवते.

“दोन अर्थ आहेत, सर. एक, स्वतःचा पोकळ तोरा. रोजच्या बोलण्यात हाच चालतो. दुसरा आता बहुतेक पुस्तकातच सापडतो. व्यर्थता.”

“उदाहरण?” सर एक पाऊल पुढं आले.

“वाढदिवसाला चौकात स्वतःचा वीस फुटी फ्लेक्स लावला, ही पहिली व्हॅनिटी. महिन्याभरानं त्याच फ्लेक्सनं कुणीतरी कडब्याची गंजी झाकली, ही दुसरी.”

टाळ्या पडल्या. सरांनी चष्मा काढून पुसला. इथं ते थांबले असते तर सुखानं नांदेडला पोचले असते. पण त्यांनी माइक तिच्याकडं पाठवला.

“सांग पोरी, सगळ्यांना मोठ्यानं सांग. हे तुला कुणी शिकवलं?”

धम्मप्रियानं माइककडं पाहिलं. ती खोटं बोलत नाही, असं सरांनीच तिच्या दाखल्यावर लिहिलं होतं.

“लातूरला, सर. अकरावीत. क्लासला.”

सरांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

“फळ्याचे दोन भाग करून शिकवलं होतं तिथल्या सरांनी,” ती म्हणाली. मग सरांचा चेहरा बघून घाईनं पुढं म्हणाली, “तुम्हीपण शिकवलं असेल, सर. मीच त्या दिवशी गैरहजर असेन.”

“तू?” गुंडप्पा मागून ओरडला. “तुला तर शंभर टक्के हजेरीचं बक्षीस होतं की गं!”

“उत्तर बरोबर आहे,” सर म्हणाले आणि खाली बसले.

थोड्या वेळानं त्यांनी धम्मप्रियाला खुणेनं जवळ बोलावलं. “ते फ्लेक्सचं उदाहरणही क्लासचंच?”

“नाही सर, ते माझं.”

“चांगलं आहे,” सर म्हणाले. 

तोवर बॅच स्टेजवर तीन रांगांत उभी राहिली होती. पुढची रांग खाली बसली. “सर, सर!” अशा हाका सुरू झाल्या. सर उठले आणि शाल सावरत मधल्या खुर्चीकडं निघाले. गुंडप्पा वाटेतच आडवा आला आणि त्यानं आपला मोबाईल सरांच्या हातात दिला.

“तुमच्यासंगट झाले, सर, फोटो. आता नुसत्या बॅचचा. कुणीबी सुटाय नको म्हणून तुम्हाला तरास.” तो पळत जाऊन रांगेत बसला आणि तिथूनच म्हणाला, “आडवा धरा, सर. आन ते बोट जरा कॅमेऱ्याच्या काचेवरून बाजूला घेता का?”