गुन्हेगाराला खत वाटते का?

दचकू नका, कीबोर्ड बोलतोय. विद्यापीठातल्या गुन्हेगारीशास्त्र विभागाच्या सायबर लॅबमधला, सात नंबरचा. अंगभर अक्षरं आहेत माझ्या, पण वाचता एक येईल तर शपथ. जो जे दाबील ते पुढं ढकलायचं, एवढंच माझं शिक्षण.

आम्ही तीस भाऊ एकाच ट्रकमधून आलो. एकोणतीस जण सरळमार्गी. मी हा असा. कुणी घाईत असलं की एक अक्षर दोनदा उमटवायचो, कुणी चिडून बदडलं की एकदाही नाही. पोरं गुन्हेगारांचा अभ्यास करायची अन् गुन्हेगार त्यांच्या बोटांखाली!

एकदा विभागप्रमुख सर हॅकर आत कसा शिरतो ते हातवारे करून सांगत होते. हॅकर राहिला बाजूला, त्यांचा चहा माझ्यात शिरला. गोडमिट्ट चहा! अक्षराच्या डोक्यावर टिंब देणारं माझं बटण चिकटून बसलं. चार दिवसांनी वाळून ते सुटलंही, पण तोवर मला गंमत कळली होती. मी काही ते सोडलं नाही.

अशात माझ्या वाट्याला मावशी आली. बावीस वर्षं इस्पितळाच्या टेलिफोनवर बसली, मग नोकरी सोडून पोरांच्या बरोबरीनं सायबर गुन्हे शिकायला आली. सगळे तिला मावशीच म्हणायचे, सरसुद्धा. पहिला निबंध तिनं माझ्यावर टाईप केला, 'गुन्हेगाराला खंत वाटते का?' कागदावर उतरलं, 'गुन्हेगाराला खत वाटते का?'

सरांनी खाली शेरा मारला, "कुठल्या पिकाला?"

मावशी हसून हसून खुर्चीतून घसरली, मला थोपटून म्हणाली, "अरे म्हाताऱ्या, माझी अब्रू काढतोस होय!" दुसरी कुणी असती तर जागा बदलली असती. ही बाई छापलेल्या कागदावर पेननं एकेक टिंब द्यायची, चित्रातल्या माणसांना डोळे काढावेत तशी.

खोड एकच वाईट. पासवर्ड विसरायची, म्हणून चिठ्ठीवर लिहून माझ्या पोटाला चिकटवला. सायबर सुरक्षा शिकणारी बाई, सांगा आता! मला नुसत्या गुदगुल्या व्हायच्या.

विभागाच्या सूचना वर्गाला मेलनं कळवायचं काम मावशीकडं होतं. परीक्षेच्या आदल्या दुपारी तिच्या खात्यातून मेल गेला, 'सर्व विद्यार्थ्यांना कळवण्यात येते, की संगणक बंद असल्यामुळे उद्याचा पेपर रद्द आहे.' झालं! अर्धा वर्ग घरी लोळत राहिला अन् पेपराचा बोजवारा उडाला.

दुसऱ्या दिवशी सरांनी अख्खा वर्ग लॅबमध्ये उभा केला.

"मावशी, मेल तुमच्या खात्यातून गेलाय. तीन वाजता. तेव्हा तुम्ही इथंच होतात, सात नंबरवर. वहीत सही आहे. मला तुमचं नाव कमी करावं लागेल."

मावशी पुढं झाली. "सर, ही जागा मिळवायला मी नवऱ्याशी भांडलेय, सासूशी भांडलेय, माझ्या गुडघ्यांशी भांडलेय. असं करीन मी?"

सरांनी छापलेला मेल पुढं केला. मावशीनं तो कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. अन् तिचे डोळे चमकले.

"सर, मी सात नंबरवरच होते ना? नक्की?"

"नक्की."

"मग तोच मेल सात नंबरवर तुम्ही स्वतः टाईप करा."

सर माझ्यापुढं बसले अन् माझी पाचावर धारण बसली! ते बटण खरं तर मोकळं होतं हो. नुसती खोडी होती माझी. एक टिंब चुकून निसटलं तर मावशी घरी! जन्मात पहिल्यांदा मी मन लावून काम केलं. सरांनी ते बटण दाबलं, ठोकलं, अंगठ्यानं चेंगरलं. मी दातओठ खाऊन धरून ठेवलं.

पडद्यावर आलं, 'विद्यार्थ्याना', 'सगणक', 'बद'.

"सगणक बद!" कुणीतरी मोठ्यानं वाचलं अन् वर्ग खदखदला.

"आणि पाठवलेल्या मेलात सगळी टिंबं जागच्या जागी," मावशी म्हणाली. "माझ्या म्हाताऱ्याला ती सात जन्मांत जमायची नाहीत."

सर खुर्चीत मागं रेलले. "मग तुमचा पासवर्ड कुणाला ठाऊक होता?"

"कुणालाच नाही सांगितला."

मागून वकीलसाहेब बोलला. प्रत्येक वाक्याला हरकत घेणारा पोरगा, म्हणून हे नाव. "हरकत आहे सर! कीबोर्डाखाली चिकटवलाय, सांगायला कशाला लागतंय?"

सरांनी मला उलटा केला, चिठ्ठी जागच्या जागी.

मावशी सावकाश वळली. "वकीलसाहेब, तुम्ही कधी वाकून बघितलंत हो?"

त्याचं तोंड उतरलं. "मावशी... अभ्यासच झाला नव्हता गं."

सरांनी चिठ्ठीपायी मावशीचे पाच गुण कापले. वकीलसाहेबाची परीक्षा तोंडी झाली, अन् प्रश्न विचारायला कोण? मावशी! दोन तास सोलून काढला त्याला. शेवटी त्यालाही हसू आवरेना.

आता मी पारदर्शक पिशवीत, सील लावून, वर्गाच्या कपाटात असतो. पुरावा क्रमांक एक. नवी पोरं येतात, काचेला नाक लावतात. मावशी पास झाली, पोलिसांच्या हेल्पलाइनवर फोन घेते, वर्षातून एकदा इथं शिकवायला येते. परवा आली, मला मांडीवर घेतलं अन् पिशवीवरूनच सावकाश काही बटणं दाबली, टिंबाचं तेवढं वगळून.

"काय लिहिलंत मावशी?" पोरांनी विचारलं.

ती नुसती हसली.

माझी वायर तोडलेली, पडद्यावर काही उमटलं नाही. वाचता मला येत नाही, पण त्या पहिल्या निबंधापासून तिच्या बोटांचा दाब न् दाब पाठ आहे. काय लिहिलं ते मला बरोबर कळलं. सांगणार मात्र नाही. तुम्ही गुन्हे शोधायला शिकताय ना? मग शोधा की!