अंगावरचं जाकीट

सर्वेशने चार लाइफ जॅकेटं पडवीत मांडली तेव्हा मालन विळीवर बांगडे कापत होती. तिने मान वर करून रंग बघितले आणि पुन्हा खाली वाकली. नवरा काशीराम गेल्यापासून तिचं हे असंच. डोळ्यांना सगळं दिसायचं, आत काही उतरायचं नाही. कामाला हात लागला की ओठांवर येणारी ओवीसुद्धा घर विसरलेल्या माहेरवाशिणीसारखी फिरकली नव्हती.

"आई, बघ तरी," सर्वेश म्हणाला. "भाट्याच्या खाडीत पर्यटकांना फिरवायचं तर ही हवीतच. दुकानदाराने नमुने दिलेत, एक ठरवायचंय."

"आणि तुला कुठलं?"

"मला कशाला? मानेला काचतं ते. जवळ ठेवीन की."

काचतं. बापसाचा शब्द पोराच्या तोंडी आला. मांडवीच्या बंदरावर कितीक जण हेच म्हणत, आणि जाकीट होडीतल्या फळीवर टाकून त्यावर बसत. काशीरामही वर्षानुवर्षं बसला. आतला फोम दबून पापड झाला, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. गेल्या आश्विनात वाऱ्याने होडी उलटली, तेव्हा जाकीट त्याच्या अंगात होतं. पट्टेसुद्धा बांधलेले होते. पण त्या दबलेल्या जाकिटाने त्याला पाण्यावर उचललंच नाही.

मालनने हात धुतले. "ठेव सगळी इथेच. मी सांगते कुठलं ते."

पहिलं घालून ती अंगण झाडायला लागली. वाकली की कॉलर हनुवटीला टेकायची. दुसऱ्यात हंडा उचलायला गेली, तर जाकीट वर सरकून कानांना लागलं. तिसरं काखेत घासत होतं.

"आई, अंगणात भरती येणार आहे का?" सून सानिका दारातून हसली.

"अंगणात जे सोसवत नाही, ते पाण्यात कोण सोसणार गो?"

चौथं करड्या रंगाचं होतं, काखेत मोकळं, मानेपाशी खोल. ते घालून मालनने कपडे वाळत घातले, भात वेळला, जेवली, भांडी घासली. मग जरा पडवीत टेकली. केव्हातरी सानिका चहा घेऊन आली आणि थबकली.

"आई, जाकिटातच झोपलात?"

मालनने छातीवर हात नेला. हाताला कापड लागलं तेव्हा आठवलं.

"हेच," ती म्हणाली.

तिन्हीसांजेला सर्वेश आला तो पायरीवरच बसला. खाली नापसंत जाकिटांतलं एक होतं. त्याने बघितलंही नव्हतं, आपसूक बसला होता.

"ऊठ मेल्या."

तो उठला. काय झालं ते खाली बघून त्याला कळलं. मालनने करडं जाकीट त्याच्या अंगात चढवलं. सगळे पट्टे ओढून घट्ट केले, मग जाकिटाचे दोन्ही खांदे धरून ते वर उचलून पाहिलं. हललं नाही.

"काचतं?"

सर्वेशने मान इकडेतिकडे फिरवली. "नाही."

"मग काढायचं नाही. माणसं होडीत असोत की नसोत."

"नाही काढणार, आई."

आता तरी रडू येईल, असं तिला वाटलं. ती थोडी थांबली. काही आलं नाही. मग ती पायरीवरचं जाकीट उचलून झटकत आत गेली. सार गरम करायचं होतं.