धन्यकुमारांचा हात कोण चालवतं?

रविवारी सकाळी धन्यकुमार मगदुमांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये बेदाणा सोडून बाकी सगळं होतं. मंगल कार्यालयातून आणलेल्या खुर्च्या होत्या, कर्णा होता, तिकाटण्यांवर चढवलेले दोन मोबाइल होते आणि कवठे महांकाळपासून मिरजेपर्यंतची माणसं होती. ज्यांना खुर्ची मिळाली नाही ते जाळ्यांच्या खांबांना धरून उभे होते. मधोमध लोखंडी खाट आणि खाटेवर खुद्द धन्यकुमार. डोळे उघडे, नजर वरच्या पत्र्याकडे, नाकात अन्नाची नळी. द्राक्षाच्या हंगामात याच शेडच्या वरच्या जाळीवरून ते डोक्यावर पडले होते, आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

आज मात्र ते बोलणार होते. पंचक्रोशीला तसं व्हॉट्सअॅपवर कळवण्यात आलं होतं.

त्यांना बोलतं करणारे गृहस्थ सातारचे. मूळ गाव मेढ्याकडं, नाव चित्प्रकाश सर. पूर्वी ते मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवत. मुलं पट्टीखालच्या फटीतून वाचतात हे पालकांच्या ध्यानात आलं, तेव्हा सरांनी विषय बदलला आणि एकदम चैतन्यालाच हात घातला. अंगात खादीचं जाकीट, एका कानात यंत्र, आणि धन्यकुमारांच्या कपाळाला त्यांनी बांधलेला निळे दिवे लुकलुकणारा पट्टा. असले दिवे गणपतीत मखराला लावतात; पण मखराला कुणी क्वांटम म्हणत नाही.

पद्धत सोपी होती. छातीजवळ मुळाक्षरांची पाटी धरायची. धन्यकुमारांच्या बायकोनं, पद्मावतीनं, त्यांच्या मनगटाखाली हात घालून तो नुसता तोलून धरायचा. मग त्यांचं बोट आपसूक अक्षरावरून अक्षरावर जायचं. काना-मात्रा पाटीवर नव्हत्या. त्या सर पदरच्या घालत.

"तुम्ही थरारक कादंबऱ्या वाचता," सर कर्ण्यातून म्हणाले. "त्यात माणसाचं मन शरीराबाहेर हिंडतं, मेलेला निरोप पाठवतो, शास्त्रज्ञ आत्म्याचं वजन करतात. तुम्हाला वाटतं, लेखकानं रचलंय. रचलेलं नाही. या सगळ्यामागं परदेशातल्या प्रयोगशाळा आहेत. धन्यकुमारजी या देहात नाहीत. देह हा फक्त रेडिओ. स्टेशन वर आहे."

लोकांनी वर पाहिलं. वर पत्रा होता.

तिसऱ्या रांगेत निवृत्त विज्ञान शिक्षक सिकंदर मुलाणी हात बांधून बसले होते. ते आणि धन्यकुमार एका विहिरीत पोहायला शिकले, एका बाकावर बसले आणि एकाच दिवशी गणिताच्या तासाला बाहेर उभे राहिले. सरांचं बोलणं ऐकून सिकंदरांना राग आला तो ते सगळंच खोटं होतं म्हणून नव्हे. अर्धं खरं होतं म्हणून. प्रयोगशाळा खरोखर आहेत. आत्म्याचं वजन करायला निघालेला एक डॉक्टरही शंभरेक वर्षांपूर्वी होऊन गेला. मरणाऱ्या सहा माणसांना त्यानं काट्यावर ठेवलं. हवा तो आकडा एकदाच आला आणि जगानं तेवढाच लक्षात ठेवला. गावातल्या ज्योतिष्याचंही असंच असतं.

ही पाटी सिकंदरांनी आधी मगदुमांच्या घरीही पाहिली होती. त्या दिवशी बोटानं 'स, क, द, र' असं चार ठिकाणी टेकून त्यांनाच हाक मारली, आणि हा रोकडा विज्ञानाचा माणूस पंच्यासारखा रुमाल तोंडावर धरून ढसाढसा रडला होता. घरी जाऊन चहा घेताना मात्र त्यांना एक गोष्ट खटकली. बोट अक्षरं शोधत होतं तेव्हा धन्यकुमारांची नजर छतावरच होती. न बघता इतकं बिनचूक बोट ठेवायला माणूस टायपिस्ट तरी लागतो. पाटीकडं एकटक बघत होती ती पद्मावती.

तरीही ते गप्प राहिले असते. बाईला चार शब्दांचा आधार मिळतोय, मिळू दे, असं त्यांनी स्वतःला समजावलंही होतं. पण गुरुवारी पाटीवर वेगळाच शब्द आला. स, ल, ल, ख, न. सरांनी मात्रा घातल्या आणि डोळे मिटून सांगितलं, "सल्लेखना. धन्यकुमारजी अन्नत्याग मागतायत. त्यांना मोकळं व्हायचंय."

जैनांच्या घरात हा शब्द हलका नसतो. आयुष्याच्या शेवटी, पुऱ्या जाणिवेनं, अन्नपाणी कमी करत देह ठेवायचं हे व्रत. त्याच्यापुढं माणसं मान तुकवतात. मुलगा आर्जव दोन दिवस जेवला नव्हता. तो पुण्याहून आला होता, असल्या थरारक कादंबऱ्यांची ऑडिओबुकं कानात घालून झोपणारा पोरगा होता, आणि सरांचं बोलणं त्याला ओळखीचं वाटत होतं. आज सर्वांसमोर बोटानं तोच शब्द पुन्हा लिहिला, की नाकातली नळी काढायची असं ठरलं होतं.

सर पाटी उचलणार एवढ्यात सिकंदर उठले.

"आण्णा, एक विचारू?" त्यांनी सरांकडं न बघता पुढच्या रांगेतल्या गुंडा आण्णांना विचारलं. गुंडा आण्णा बस्तीचे, म्हणजे तिथल्या जैन मंदिराचे, ज्येष्ठ पंच. "बापासाठी मुलानं सल्लेखना घेतलेली चालते?"

"न्हाई."

"नवऱ्यासाठी बायकोनं?"

"आवं मास्तर, व्रत ज्येचं त्येनंच घ्यायचं. शुद्धीत, आपल्या तोंडानं. परत मुनिमहाराजांची आज्ञा लागती. म्हाराजांकडं निरोप धाडला तर पयला सवाल ह्योच ईल."

"मग हे धन्यकुमारचंच मागणं आहे, याची खात्री करायला नको?"

शेडमध्ये कुजबुज उठली. मागून कुणीतरी म्हणालं की मुलाणी मास्तरांनी जैनांच्या घरात नाक खुपसू नये. सिकंदरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खरी भीती निराळी होती. आपलं चुकलं तर? तो खरंच बोलत असेल, आणि त्याचं एवढंएवढंसं उरलेलं तोंडही आपण बंद केलं तर?

"शंकेनं कंपनं तुटतात," सर हसून म्हणाले.

"शंका नाही, सर. उलट तुमचा प्रयोग जगापुढं जाईल. मोबाइल चालूच आहे." सिकंदरांनी पिशवीतून पुठ्ठ्याचे तुकडे काढले. त्यांवर दोन्ही बाजूंना त्यांनी स्केचपेननं चित्रं काढली होती. "आण्णा पुठ्ठा धरतील. धन्यकुमारनं आणि वहिनींनी बघायचं. काय दिसलं ते पाटीवर लिहायचं. पहिलीच्या पोराला जमेल असं आहे."

सर जाकिटाचं बटण लावत म्हणाले, "सोपं आहे. करा."

आण्णांनी पहिला पुठ्ठा धन्यकुमारांच्या आणि पद्मावतीच्या तोंडांच्या मधोमध उभा धरला. बोट हललं. घ. र. आण्णांनी पुठ्ठा लोकांकडं फिरवला, घर होतं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या पुठ्ठ्याला बोट 'न'वर गेलं, मग 'ळ'वर. पुठ्ठ्यावर नळ होता. आता शेड दणाणलं. आर्जवच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी मोबाइलकडं तोंड करून जाहीर केलं, की हा शास्त्रीय कसोटीचा क्षण आहे आणि यापुढं कुणीही शंका घेऊ नये.

"नाही घेणार," सिकंदर म्हणाले. "आण्णा, तिसरा."

बोट क वर गेलं. म वर गेलं. ळ वर जाऊन थांबलं.

"कमळ," सर गरजले. "पवित्र चिन्ह."

आण्णा पुठ्ठा फिरवायला गेले आणि तसेच राहिले. त्यांनी एक बाजू बघितली, मग दुसरी. दोन पुठ्ठे पाठीला पाठ लावून चिकटवलेले होते. पद्मावतीच्या बाजूला कमळ होतं. धन्यकुमारांच्या बाजूला मगर होती. कृष्णेत असते तशी, जबडा वासलेली.

"आरं," आण्णा हळूच म्हणाले, "ह्येला मगर दावली, आन् ह्येनं कमळ लिवलं?"

चौथ्या पुठ्ठ्याला तिच्या बाजूला फणस होता, त्याच्या बाजूला बदक. पाटीवर फणस आला. पाचव्याला पद्मावतीनंच हात काढून घेतला. धन्यकुमारांचा हात मऊ चादरीवर पडला आणि पडूनच राहिला.

सरांनी काहीतरी समजावायला घेतलं, की प्रेमापोटी धन्यकुमारजी पत्नीच्याच नजरेनं बघतायत. पण आता कर्णाही खरखरू लागला होता.

"भावजी," पद्मावती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "मग मी इतके दिस कुणाशी बोलत होते?"

सिकंदरांनी आयुष्यभर पोरांना उत्तरं दिली होती. हे उत्तर द्यायला ते खाटेजवळ गेले.

"तुमच्याशीच, वहिनी."

"म्हंजे सल्लेखना मी मागितली? मला ह्यांचं मरण..."

"नाही. ऐका माझं. जमिनीतलं पाणी शोधणारा पाणाड्या नारळ तळहातावर घेऊन रानात फिरतो. नारळ आपसूक उभा राहतो, आणि शपथ घालून विचारा, तो म्हणंल मी उभा केला नाही. तो खोटं बोलत नसतो. मनात जे असतं ते हाताचे स्नायू गुपचूप करतात, हाताच्या मालकाला पत्ता लागत नाही. तो नारळ बघून पाडलेली किती बोअर कोरडी गेली, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. परदेशात न बोलणाऱ्या मुलांसाठी अशीच पाटी निघाली होती. आईबाप वेडे झाले आनंदानं. मग कुणीतरी दोघांना वेगवेगळी चित्रं दाखवली. पाटीवर आलं ते दरवेळी हात धरणाऱ्यानं पाहिलेलं. तुमच्या मनात हा शब्द आला कुठून? या सरांनीच घातला. 'ते देहात नाहीत, मोकळं व्हायचंय' हे रोज कानावर पडत होतं. भ्यालेलं मन भ्यालेलंच लिहिणार."

"मला वाटलं, ह्यांनाच लय तरास हुतोय," ती म्हणाली आणि मटकन खाटेच्या कडेला बसली.

आर्जव उठला तो सरांच्या दिशेनं. आण्णांनी काठी आडवी धरली. "मारायचं न्हाई. आपल्यात मुंगी मारत न्हाईत. ह्यो तर जाकीट घातलेला हाय."

सरांनी तेवढ्यात शेवटचा डाव टाकला. ठीक आहे, पाटी चुकली असेल; पण चैतन्य गेलंय हे तर खरं ना, हा देह रिकामा आहे, मग नळी ठेवून काय करणार? हे बोलणं मात्र सगळ्यांना लागलं. कारण गेले काही महिने प्रत्येकाच्या मनात तेच होतं.

"रिकामा आहे हे कशावरून?"

तिसऱ्या रांगेत बसलेली सिकंदरांची मुलगी अर्फा पहिल्यांदाच बोलली. ती मिरजेत मेंदूविकारांची डॉक्टर होती आणि बापाच्या आग्रहानं सुट्टी टाकून आली होती. तिनं वाकून धन्यकुमारांना मोठ्यानं सांगितलं की मी अर्फा आहे, तुम्हाला तपासते. बोट फिरवलं, डोळे हलले नाहीत. टॉर्च फिरवली, नाही. मग तिनं घरातून आरसा मागवला.

आरसा तिनं धन्यकुमारांच्या तोंडासमोर धरला, थोडा थांबू दिला आणि हळूहळू उजवीकडं नेला.

डोळे आरशाबरोबर उजवीकडं गेले.

ती डावीकडं घेऊन आली. डोळे अडखळले, मागं राहिले, मग आले. वर. खाली. तिनं पुन्हा केलं, आणि खात्री पटेना म्हणून पुन्हा केलं. शेडमधली माणसं श्वास रोखून एका माणसाचे डोळे हलताना बघत होती. थोड्या वेळापूर्वी बोट हललं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता कुणी वाजवल्या नाहीत.

"माणसाची नजर कधीकधी बाकी कशामागं जात नाही, पण स्वतःच्या चेहऱ्यामागं जाते," अर्फा म्हणाली. "याचा अर्थ काकांना सगळं समजतं असा नाही. मी तसं सांगितलं तर मीही या सरांच्याच रांगेत बसेन. पण रिकामं घर आरशात बघत नाही. डॉक्टरांनी अशा निपचित माणसांना मेंदूचं चित्र काढणाऱ्या यंत्रात ठेवून सांगितलं, मनातल्या मनात खेळा, हात हलवतोय असं समजा. साधारण चारातल्या एकाच्या मेंदूनं ते केलं. बाहेरून बोटही हललं नव्हतं. त्या कादंबऱ्यांमागचं खरं संशोधन हे आहे. ते म्हणतं, जो गेला असं वाटतं तो कदाचित ऐकत असेल. उद्या त्यांना मिरजेला आणा. नीट तपासू."

सरांना याच वेळी साताऱ्यातलं एक शिबिर आठवलं. ते निघाले, पण त्यांचेच दोन मोबाइल अजून चालू होते आणि सकाळपासूनचं सगळं जगापुढं गेलं होतं. कपाळावरचा पट्टा ते न्यायचे विसरले. आर्जवनं तो सोडला आणि बापाच्या कपाळावर उमटलेला वळ बराच वेळ अंगठ्यानं चोळत राहिला.

लोक उठेनात. गुंडा आण्णांनी कर्णा सिकंदरांपुढं धरला.

"मी भाषण करत नाही," सिकंदर म्हणाले. "मीही रडलो होतो या पाटीपुढं, तेव्हा कुणाला हसायचा हक्क मला नाही. फक्त एवढं करा. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी विचारा: हे खोटं असतं, तर आपल्याला कळलं कसं असतं? जो खरा आहे तो म्हणेल, चला, तपासू. जो म्हणेल शंकेनं कंपनं तुटतात, त्याच्या हाती पैसा दिलात तर एक वेळ भरून निघेल. आपलं माणूस देऊ नका. आणि ज्याला बोलता येत नाही, त्याच्या तोंडी शब्द घालू नका. देवाचे नाहीत, शास्त्राचे नाहीत, अगदी प्रेमाचेसुद्धा नाहीत."

हळूहळू खुर्च्या वाजल्या, माणसं पांगली. नळीतून द्यायची पेज आर्जवनं स्वतः गाळून आणली. पद्मावतीनं नवऱ्याचा हात पुन्हा हातात घेतला.

"ऐकतायसा व्हय?" तिनं विचारलं.

उत्तर आलं नाही. तिनं ते पाटीवर काढून घेतलंही नाही. हात तसाच धरून ती वाट बघत बसली.