मागच्या सीटचा ब्रेक

शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेसुरले दात आत्ताच्या आत्ता हातात येवोत. तर ठमी त्या वेळी मिस्त्रीच्या गॅरेजात उकिडवी बसून बॅटरीचा उजेड धरत होती, मिस्त्री मोटरसायकलच्या पोटाखाली मान घालून पान्हा फिरवत होता, आणि मागच्या सीटवर ताठ बसलेले मास्तर उजवा पाय खालीवर करून बघत होते.

"अजून बोटभर खाली," मास्तर म्हणाले. "टाच टेकली पाहिजे. टाच टेकल्याशिवाय ब्रेकला अर्थ नाही."

मिस्त्रीनं मान बाहेर काढून ठमीकडे बघितलं. ठमीनं पान्ह्याकडे बघितलं.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "मागच्या माणसाला ब्रेक मी जन्मात बसवलेला नाही. जोडू कशाला तो?"

"कशालाच नको," ठमी तितक्याच हळू म्हणाली. "नुसता बसवा."

मास्तर म्हणजे तिचा नवरा. उभं आयुष्य त्यांनी लोकांना गाडी शिकवण्यात घालवलेलं. शिकवणीच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक असतो आणि शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी दुसरा. मास्तर कायम त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून जगले. निवृत्त झाल्यावरही जेवताना कुणी वाटी जोरात पुढं सरकवली, की टेबलाखाली त्यांचा उजवा पाय दाबला जायचा.

आणि ठमीला ठमी म्हणायचे, कारण ती होतीच तशी, बुटकी आणि गोल. पन्नाशी उलटली तरी नाव काही उलटलं नाही. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या फोनवर बसायची. सकाळी कानाला यंत्र अडकवलं की संध्याकाळी काढायचं. पाणी आलं नाही, आलं ते गढूळ आलं, शेजारणीकडे आलं आणि माझ्याकडे नाही आलं. सगळ्यांना ती एकच उत्तर द्यायची, "नोंद घेतली." तिला हवं होतं ते एवढंच, की एखाद्या दिवशी कानात कुणीच नसावं. लांबचा रस्ता असावा, खाली दणकट यंत्र असावं, आणि कुणी काही म्हणू नये.

म्हणून तिनं ती मोटरसायकल घेतली. साधीसुधी नव्हे. वारा कापायला पुढं काच, दोन्ही अंगांना पेट्या, दिवसभर बसलं तरी कंबर न मोडणारी, आणि मनात आलं तर बाणासारखी सुटणारी. गाडी उंच आणि ठमी बुटकी. पण ती हटली नाही. सीटवाल्याकडे जाऊन तिनं आतला फोम कोरून घेतला, बोटं जमिनीला लागेपर्यंत. हँडल लांब पडत होतं, तर लोखंडी ठोकळे घालून ते स्वतःकडे ओढून घेतलं. क्लचची दांडी तिच्या एवढ्याशा पंज्याला बेतून लावली. चेन साफ करायला बसली की तिला जेवणाखाण्याची शुद्ध नसे. नाकाच्या शेंड्यावर ग्रीस घेऊन ती घरभर फिरायची आणि तिला कुणी सांगायचंही नाही, इतकी ती छान दिसायची.

पहिल्यांदा लांब निघायच्या दिवशी नेमकी नणंद आली, मास्तरांची ताई. चहा झाला. नणंदेनं कप खाली ठेवत विचारलं, "एकटीच जाणार का हो वहिनी?"

खोलीतल्या सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी घसा साफ केला.

"एकटी कशी? मी आहे ना मागं."

झालं. असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असं नणंद म्हणाली. मग शेजारणी म्हणाल्या. मग कचेरीतल्या बाया म्हणाल्या. बायकोच्या मागं बसतो, कमीपणा मानत नाही, केवढं मोठं मन. इतकं कौतुक झालं, की ठमीला तोंड उघडायला जागाच उरली नाही. कौतुक घरात शिरलं की खिळे ठोकूनच बसतं. ते बाहेर काढायचं म्हणजे भिंत पाडावी लागते.

त्यानंतर गाडीवर जे काही चढलं ते मास्तरांसाठी चढलं. पाठ टेकायला उशी आली. हात ठेवायला दोन दांड्या आल्या. पाय आखडतात म्हणून रुंद पायऱ्या आल्या. डोळ्यांत वारा जातो म्हणून पुढची काच उंच झाली, इतकी की ठमीला रस्ता काचेवरून दिसायचा तो काचेतून दिसायला लागला. हे सगळं ठमीनं स्वतः पान्हा घेऊन बसवलं. दुसऱ्या कुणाचा हात गाडीला लागलेला तिला खपत नसे. ब्रेकच्या पेडलला जोडकाम लागत होतं म्हणून तेवढं मिस्त्रीकडे. गाडी हळूहळू दातांच्या डॉक्टरकडल्या खुर्चीसारखी दिसायला लागली.

आणि शेवटी आली बोलायची हेल्मेटं. दोघांच्या कानात आवाज, दोघांच्या तोंडापुढं माइक. भाच्यानं भेट दिली होती, आनंदानं.

हेल्मेटात आवाजाला पळायला वाट नसते, आणि माणसालाही. घरात नवरा बोलायला लागला तर बाई उठून स्वयंपाकघरात जाते, नळ सोडते, भांडी आपटते. इथं डोकंच डब्यात. रविवार उजाडला की मास्तर त्या डब्यात येऊन बसायचे.

"डावीकडून घे. हॉर्न दे. पुढं ट्रक आहे. तिसऱ्यात टाक, तिसऱ्यात. आरसा बघितलास का? घाई कुणाला आहे? आपल्याला नाही."

मागं तो ब्रेक खटखट दाबला जायचा. तो दाबला की ठमीच्या पाठीला नुसता हादरा बसायचा. गाडीला काही व्हायचं नाही.

असेच एका रविवारी ते घाटाच्या पायथ्याशी पेट्रोल पंपावर थांबले. टाकी भरून झाली. पाण्याची बाटली आणतो म्हणून मास्तर शेजारच्या दुकानाकडे गेले. हेल्मेट डोक्यावरच. एकदा काढलं की पुन्हा चढवताना कान मुडपतात, म्हणून ते काढत नसत. त्यामुळे ते होते दुकानात आणि बोलत होते ठमीच्या कानात, पुढच्या चाकातल्या हवेबद्दल. ठमी विचारात होती. आवाज तर कानात चालूच होता, मग माणूस मागं बसला असणार असंच तिला वाटलं. तिनं गाडी सुरू केली आणि निघाली.

पंप मागं पडला. पहिलं वळण आलं. ठमीनं रोजच्यासारखा जोर लावून गाडी झुकवली, आणि गाडी लोण्यात सुरी जावी तशी आपणहून आत गेली. मागचं चाक खड्ड्यावरून टुणकन उडालं. त्याची स्प्रिंग दोघांच्या वजनाला कसलेली होती, आणि वजन तर एकाचंच होतं.

कानात मास्तर म्हणाले, "अगं, गाडी कुठं लावलीस? सावलीत लावलीस का?"

इथं तिनं थांबायला हवं होतं. उजव्या हाताची चार बोटं ब्रेकवर होतीही. पण त्याच हाताच्या अंगठ्यानं आणि तळव्यानं मूठ पिळली.

"अगं, दिसत नाहीस ती. मी इकडं दाराशी..."

खरखर झाली आणि आवाज गेला.

ठमी घाट चढायला लागली. इंजिनाला एक बारीक, गोड गुणगुण होती, ती तिनं कधी ऐकलीच नव्हती. काचेच्या कडेला वारा शीळ घालत होता. असं वाटलं असेल तुम्हाला, की बाई सुटली, आकाश फाटेपर्यंत ओरडली असेल. तसं काही झालं नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणावर तिला कुणीतरी म्हणालं, "हॉर्न दे." तिनं दिला. मग तिच्या लक्षात आलं, की ते तिनंच म्हटलं होतं, मोठ्यानं, अगदी मास्तरांच्या हेलात. पुढच्या वळणावर तिचा स्वतःचा उजवा पाय नको तिथं नको तेवढा दाबला गेला. ती वर पोचेपर्यंत बोलतच होती.

वर एक मोबाइलचा टॉवर होता आणि एक बंद टपरी. ठमी गाडी उभी करून टपरीच्या फळीवर बसली. मास्तरांचा फोन बाजूच्या पेटीत होता, पाकीटही पेटीत होतं, खिशात नुसते सुटे पैसे. उन्हात उभा असेल माणूस. काय सांगायचं त्याला? तिनं सात-आठ वाक्यं जुळवली, एकही तोंडात बसेना. मग उठली आणि परत फिरली.

उतारावरून पंप दिसायच्या आधीच हेल्मेटात खरखर झाली. यंत्रानं यंत्राला ओळखलं होतं. ठमीनं मान आखडून घेतली. आता बोलणी ऐकायची.

पण कानात आलं ते हसणं. मास्तरांचं. असं पोट धरून हसलेले मास्तर तिनं वर्षानुवर्षं ऐकले नव्हते. त्यांनी हेल्मेट काढून कुठंतरी शेजारी ठेवलं असावं, आणि माइक तसाच चालू होता. ठमीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"डोळे मिटून घेतो हो मी," मास्तर सांगत होते. "वळणावर गाडी वाकली की मिटलेच. बोलत राहतो, म्हणून तिला कळत नाही."

"डोळे मिटून ट्रक कसा दिसतो तुम्हाला?" हा चाकात हवा भरणारा म्हातारा असावा.

"ट्रक काय, कुठून तरी येतच असतो."

पुन्हा दोघं हसले.

"पण तुमच्या पायाशी ब्रेक आहे म्हणालात ना?"

"तो कशाला जोडलेलाच नाही. पहिल्या दिवशीच वाकून बघितलं मी. जन्म गेला माझा असले ब्रेक दाबण्यात, मला कळणार नाही?"

"मग दाबता कशाला?"

"पायाला काही काम नको?"

हवावाला म्हणाला, "मग वहिनींना सरळ सांगा की, येत नाही म्हणून. मिटल्या डोळ्यांनी घाट चढण्यात काय मजा?"

"कसं सांगू?" मास्तरांचा आवाज खाली आला. "तिला वाटतं मला हौस आहे. हाताला दांड्या, पाठीला उशी, सगळं माझ्यासाठी बसवलंय तिनं. स्वतःच्या हातानं. आता नाही म्हणायला तोंड आहे का मला?"

ठमीच्या तोंडात सवयीनं "नोंद घेतली" आलं होतं. तिनं ओठ आवळून धरले, कारण तिचाही माइक चालूच होता.

मग गाडी सुरू करून पंपावर आली. हवावाल्याच्या बाकड्यावर मास्तर पाय पसरून बसले होते, हातात चहा, चेहरा उन्हानं की हसण्यानं लाल झालेला. गाडी दिसताच पाय जवळ आले. कप खाली गेला. त्यांनी हेल्मेट उचललं, डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखालचा पट्टा चाचपडायला लागले.

"चुकून गेले हो मी," ठमी म्हणाली. "विचारात होते."

"होतं असं," मास्तर म्हणाले. "एक शिकाऊ तर मला टायर बघायला खाली उतरवून घरी निघून गेला होता."

पट्टा काही लागत नव्हता. ठमी पुढं झाली. पट्टा लावायचा सोडून तिनं हेल्मेटच अलगद वर उचलून काढलं.

"इथून गावात जायला बस मिळते का हो?" तिनं हवावाल्याला विचारलं.

"मिळते की. ती काय, समोरच थांबते."

"बस कशाला?" मास्तर म्हणाले.

"माझे हात भरून आलेत. दोघांचं वजन सावरायचं नाही मला आज. गाडी हळूहळू नेते एकटी."

मास्तरांनी गाडीकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, मग बराच वेळ बुटांकडे बघितलं.

"ताई काय म्हणेल?"

"त्यांना सांगू, तुम्हीच होता मागं."

"आणि पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारीही दुखतील बहुतेक माझे हात."

मास्तरांनी गंभीरपणे मान हलवली. "दुखतातच. वय झालं आता."

बस आली. मास्तर चढले, ड्रायव्हरमागची रिकामी जागा ओलांडून पार शेवटच्या बाकावर जाऊन बसले, जिथून पुढचा रस्ता अजिबात दिसत नाही. बस सुटायच्या आधीच त्यांनी डोळे मिटले होते, पण ह्या वेळी मान मागं टाकून.

ठमी उभी राहिली. धूळ बसेपर्यंत उभी राहिली.

तर असं झालं. सगळं अगदी खरं. एवढंच, की ठमी विचारात होती, आणि तिला वाटलं मास्तर मागं बसलेत, हे माझ्या पदरचं. गाडी सुरू करताना तिनं आरशात बघितलं होतं. मास्तर दुकानाच्या दारात उभे होते. दोन्ही हातांत बिस्किटांचे दोन पुडे वर धरून, तुला कुठला घेऊ म्हणून विचारत होते. उत्तर येईना, तेव्हा एक पुडा परत ठेवायला ते आत वळले, आणि तिनं क्लच सोडला.