लिहाल तसं वर जाईल

“पालीत म्हणलीस की म्हणून मोकळी होशील. मराठीत म्हण. म्हंजी दिवसभर बोचत राहील.”

सासूबाईंना, चतुराबाईंना, जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण तळवड्याच्या आमच्या घरात सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली की आधी हा आवाज येतो, माझा मागून. त्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायच्या. पहिल्या शिफ्टला निघण्याआधी पाली भाषेत पंचशील म्हणायच्या आणि त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं, तेवढं पुन्हा एकदा मराठीत. ‘आज मी खोटं बोलणार न्हाई.’ त्यातला ‘आज’ त्यांनी पदरचा घातलेला. जन्माचं कोण बघतंय, म्हणायच्या, संध्याकाळपर्यंत टिकव.

मी टिकवते. त्यामुळे कॉलेजात माझी जरा पंचाईत होते.

निघोज्याच्या पुढे, कारखान्यांच्या पत्र्यांमध्ये आमचं इंजिनिअरिंग कॉलेज उभं आहे. मेकॅनिकल विभागात मी शिकवते आणि विभागाची फीडबॅक समन्वयकही आहे. हे काम कुणालाच नको असतं, म्हणून ते हळू बोलणाऱ्या माणसाकडे येतं. सत्राच्या शेवटी मुलांनी प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला गुण द्यायचे, खालच्या रिकाम्या चौकोनात मनातलं लिहायचं. मी ते एकत्र करून विभागप्रमुखांना द्यायचं. विभागप्रमुख म्हणजे दौलतराव काळोखे सर. तेही शिकवतात. म्हणजे ज्यांच्याविषयी लिहायचं, गठ्ठा त्यांच्याच टेबलावर.

एरवी हे सगळं पोर्टलवर होतं. फीडबॅक भरल्याशिवाय हॉल तिकीट निघत नाही, म्हणून अख्खा वर्ग कॉम्प्युटर लॅबमध्ये नेऊन बसवतात. रोल नंबर टाकून आत शिरायचं, आणि आत ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘तुमची ओळख गुप्त राहील’. पोरं ते मोठ्यानं वाचून हसतात. मग ‘उत्कृष्ट’, ‘उत्कृष्ट’ अशा टिचक्या मारत खाली उतरतात. चौकोनात सगळ्यांचं एकच, ‘गुड टीचर’. माझ्या चौकोनात मात्र दर वेळी कुणीतरी मनापासून लिहितं, ‘मॅडमचा आवाज मागं येत नाही.’ मी तेही जसंच्या तसं वर पाठवते.

या वर्षी ऐन वेळी पोर्टल बंद पडलं. कॉलेजला दर्जा देणारी समिती तर पुढच्याच आठवड्यात यायची होती, आणि फीडबॅक तिच्यापुढे वाचायचा होता. काळोखे सर म्हणाले, “कागदावर घ्या, मॅडम. पण उरका.”

तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मी कागद वाटले. संघर्ष हा वर्गाचा प्रतिनिधी, पहिल्या बाकावर बसून शेवटच्या बाकाची कामं करणारा.

“मॅडम, नाव टाकायचं?”

“नाही.”

“मग अक्षर वाकडं काढू का? ओळखू नये म्हणून?”

“तुझं सरळ कधी होतं भावा?” मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

हसणं थांबल्यावर मी म्हणाले, “कागद माझ्याशिवाय कुणी बघणार नाही. मी टाइप करीन आणि तुमच्यासमोर फाडीन. जे लिहाल ते, लिहाल तसं, वर जाईल. शब्द देते.”

“आवाज, मॅडम,” मागचा बाक.

मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगावं लागलं म्हणून असेल, वर्ग एकदम शांत झाला आणि पोरं खाली वाकून लिहायला लागली. इतका वेळ लिहिताना मी त्यांना परीक्षेतही पाहिलं नव्हतं.

त्यातला एक मजकूर मला आजही तोंडपाठ आहे.

‘मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमधलं सळई ओढून तोडायचं मशीन आम्ही आलो तेव्हापासून बंद आहे. आम्ही जुन्या फायलीतले आकडे उतरवतो आणि सर सही करतात. मी चाकणला मुलाखतीला गेले होते. त्यांनी हातात सळईचा तुकडा दिला आणि म्हणाले, लावून दाखवा. मला मशीनचा जबडा उघडता आला नाही. तिथला ऑपरेटर हसला नाही, त्यानं मान खाली घातली. तो हसला असता तर मला चाललं असतं.’

हे मशीन मला माहीत होतं. वर आणि खाली असे दोन जबडे, त्यात सळईचा तुकडा आवळून धरायचा आणि तो तुटेपर्यंत ओढायचा. कुठल्या ताणाला तुटला ते लिहायचं. मी नवीन लागले तेव्हा ते चालायचं. तुकडा तुटताना असा फाटकन आवाज व्हायचा की कॉलेजच्या कँटीनमधली माणसं दचकायची. या पोरांनी तो आवाज ऐकलेलाच नाही. सगळ्या वर्गाच्या जर्नलमध्ये तुकडा एकाच ताणाला तुटतो, दरवर्षी, दशांशासकट. त्यावर पोरांचा विनोदही आहे, ‘आपल्या कॉलेजची सळई लय इमानदार.’

लिहिणारी कोण, तेही मला माहीत होतं. चाकणच्या त्या मुलाखतीला आमच्या तीन मुली गेल्या होत्या, आणि परत आल्यावर एकीनं बसस्टॉपवर माझ्याशेजारी बसून हे सगळं सांगितलं होतं. उझ्मा. तिच्या वडिलांचं, बरकतभाईंचं, पिंपरीत गॅरेज आहे. चालता येण्याआधी पाना धरायला शिकलेली मुलगी, आणि तिला जबडा उघडता आला नाही, कारण तो कधी उघडून दाखवलाच नव्हता.

मी टाइप केलं. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन सगळे कागद फाडले आणि तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. संघर्षनं टाळी वाजवली, एकट्यानंच.

दुपारी काळोखे सरांनी बोलावलं. माझं पान त्यांच्या हातात होतं. विषय त्यांचाच होता, सह्याही त्यांच्याच.

“ही कोण?”

“नाव लिहायचं नव्हतं, सर.”

“ते मलाही कळतं. मूळ कागद आणा.”

“फाडले.”

“का?”

“फाडीन म्हणून सांगितलं होतं.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “चाकणला तिघी गेल्या होत्या. त्यातली कोण, ते तुम्हाला माहीत आहे?”

इथे ‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. म्हटला असता तर विषय मिटत होता, उझ्माही वाचत होती, मीही. पण ते सकाळचं मराठी वाक्य माझ्या घशात अजून ओलं होतं.

“माहीत आहे, सर,” मी म्हणाले. “सांगणार नाही.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. खोटं त्यांना रोज ऐकायला मिळतं, नकारही मिळतो, दोन्ही वेगवेगळे. खरं सांगून दिलेला नकार त्यांना नवीन असावा.

“मॅडम, मी काय मशीन मुद्दाम बंद ठेवलंय? दुरुस्तीचे अर्ज करून थकलो. मॅनेजमेंट म्हणतं, पुढच्या वर्षी. आणि एक पोरगी उठून माझ्या सहीवर लिहिणार?”

“तुमचे अर्जही समितीला दाखवा, सर. मीही सोबत येते.”

“म्हणजे मॅनेजमेंटच्या विरोधात उभा राहू?”

त्याचं उत्तर मी देऊन उपयोग नव्हता.

त्यांनी दुसरं पान पुढं सरकवलं. उझ्माच्या मजकुराच्या जागी एकच ओळ होती, ‘प्रयोगशाळेतील सुविधा अधिक अद्ययावत कराव्यात, अशी विद्यार्थ्यांची नम्र सूचना आहे.’ खाली समन्वयकाच्या सहीसाठी जागा.

“यावर सही करा.”

“हे कुणी लिहिलेलं नाही, सर.”

“आणि ते कुणी लिहिलंय? मूळ कागद तर फाडलेत. उद्या मी म्हणेन, हे मॅडमनीच रचलं.”

“म्हणा. मशीन तर लॅबमध्येच आहे.”

“तुमची नेमणूक दरवर्षी नव्यानं होते, हे लक्षात आहे ना?”

“हो. दरवर्षी मीच अर्ज करते.”

हे मी उद्धटपणे म्हटलं नव्हतं. पण त्यांच्या कानाला ते तसंच लागलं, आणि मी ते मागे घेतलं नाही.

संध्याकाळपर्यंत समन्वयकाचं काम शेखर सरांकडे गेलं. ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. भला माणूस, घराच्या हप्त्यांनी वाकलेला.

“ताई, ‘माहीत नाही’ म्हणायचं होतंत,” ते कुजबुजले. “कुणाला कळणार होतं?”

“मला.”

“तुम्ही ना,” म्हणून त्यांनी ते ‘नम्र सूचने’चं पान ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्यावर त्यांची सही झालेली होती.

लॅब त्या आठवड्यात रंगवून काढली. भिंती, टेबलं आणि मशीनही. निळा रंग इतका मनापासून मारला होता की दोन्ही जबड्यांच्या फटीसुद्धा भरून गेल्या. आता ते खरोखरच उघडणार नव्हतं. समितीला दारातूनच दाखवायचं असं ठरलं होतं.

समितीच्या आदल्या दिवशी उझ्मा स्टाफरूमबाहेर उभी दिसली. मी बाहेर गेले.

“मॅडम, सरांनी आम्हा तिघींना एकेक करून बोलावलं. दोघी म्हणाल्या, आम्ही नाही. मी गप्प बसले.”

“बरं केलंस.”

“गप्प बसले म्हणजे त्यांना कळलंच ना. म्हणाले, तुझी तोंडी परीक्षा माझ्याकडंच आहे, तिथं बोलू.” तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “अब्बूंना सांगितलं. ते म्हणाले, रंग मारून गाडी खपवणारे पुष्कळ पाहिले, रंग मारून इंजिनिअर खपवणारं कॉलेज पहिल्यांदाच बघतोय.”

मला हसू आलं. तिलाही आलं, पण लगेच गेलं.

“उद्या मी जाते वर, समितीपुढं. मीच लिहिलंय म्हणून सांगते.”

“नाही.”

“तुमची नोकरी जाईल मॅडम, माझ्यामुळं.”

“तुझ्यामुळं काही होणार नाही. वर्गात शब्द तू दिला होतास की मी?”

“तुम्ही.”

“मग तू तुझी तोंडी परीक्षा दे. तिथं विचारलं की मशीन चालवलंय का, तर खरं सांग. बाकी माझ्याकडं लागलं.”

“पण कागद तर नाहीत. कोण विश्वास ठेवणार?”

याचं उत्तर माझ्याकडे त्या वेळी नव्हतं. नव्हतं, एवढंच तिला सांगितलं. पण वर पाठवीन म्हटलंय ते पाठवणार, हेही सांगितलं. ती मान हलवून गेली. पटलं होतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेला मी अष्टशील पाळते, पांढरी साडी नेसते, दुपारनंतर अन्न घेत नाही. सकाळी मेणबत्ती लावली आणि मराठीतलं वाक्य नेहमीपेक्षा सावकाश म्हटलं. म्हणता म्हणता कळलं की मी अर्धंच पाळत आलेय. खोटं बोलायचं नाही हे झालं. पण खोटं वाचलं जात असताना शेजारच्या टेबलावर मुकाट बसून राहणं, ते कुठल्या शीलात बसतं?

“पांढरी साडी?” शेखर सर मला बघून म्हणाले. “समितीला वाटेल, विभागात कुणी गेलं.”

“अजून नाही,” मी म्हणाले.

त्यांनी टाय सारखा केला. वरच्या मजल्यावर समिती बसली होती, फीडबॅकची पाळी यायची होती. शेखर सर फाइल काखेत मारून निघाले, दारात थांबले.

“ताई, मी समोर आहे ते वाचणार. राग मानू नका.”

“तुमचं तुम्ही वाचा, सर. माझं मी सांगीन.”

ते गेल्यावर मी उठले.

लॅबच्या किल्ल्या ऑफिसात खिळ्याला असतात. सही करून घेतल्या. लॅबमध्ये ताज्या रंगाचा वास कोंडला होता. कपाटाच्या खालच्या कप्प्यात ट्रे होता, त्यात कापून ठेवलेले सळईचे तुकडे, कुठल्याशा वर्षीच्या मुलांसाठी आणलेले, कधीच न ओढलेले. त्यातला एक घेतला. गंज पुसला. हातभर लांब, थंडगार. मशीनच्या जबड्याला बोट लावून पाहिलं तर निळा रंग बोटाला आला.

तेव्हा उझ्माच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मजकूर मला पाठ होता. तो तसाच म्हणायचा, नाव सोडून. मग हा तुकडा टेबलावर ठेवायचा आणि एवढंच म्हणायचं, की खाली चला आणि हा लावून दाखवायला सांगा. कुणालाही. मलासुद्धा.

लॅबला कुलूप लावलं नाही. किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि तुकडा हातात, उघडाच धरून जिन्याकडे निघाले. काळोखे सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. त्यांचे ते दुरुस्तीचे अर्जही सांगायचे, असं ठरवलं. तेही खरंच होतं.

जिन्याच्या पायथ्याशी शिपाई भिवामामा खुर्ची टाकून बसले होते. हातात पाहुण्यांची आणि शिक्षकांची यादी.

“मॅडम, वर समिती बसलीय. तुमचं नाव न्हाई यात.”

“हो, माहीत आहे.”

त्यांनी माझ्या हातातल्या सळईकडे पाहिलं, मग निळ्या झालेल्या बोटाकडे. “मग कुठं निघालाव?”

“मुलांचा फीडबॅक द्यायचा राहिलाय.”

“आं? काय म्हणालाव?”

मी ते पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं, आणि जिना चढायला लागले.