घराचं बटण

लाइबा पोटात होती तेव्हापासून सुमय्याची सायकल व्हरांड्यात उभी होती आणि तिच्या हँडलला बांधलेल्या दोरीवर आता दुपटी वाळत होती. लेक रांगायला लागली तसं सुमय्याच्या पायांत चुळबुळ सुरू झाली. शेवटी सासूबाईंनी, अख्तरींनी परवानगी दिली.

"फजरची नमाज झाली की जा. पण पोरगी उठायच्या आत घरात पाहिजेस. उशीर झाला, तर सायकल परत दुपट्यांना."

जालना रोडवर ट्रकांची गर्दी. तिला हवे होते मुकुंदवाडीच्या पुढचे, शेतांमधले आतले रस्ते, आणि ते काही तिला ठाऊक नव्हते. फोनवर नकाशा लावला की बॅटरी मान टाकायची. म्हणून जीपीएस.

सायकलवाल्या जावेदभाईंनी दोन यंत्रं मांडली. मोठ्यात रंगीत नकाशा, छातीचे ठोके, चढउतार, सगळं. छोट्यात नुसती रेघ, बाण आणि घर किती लांब राहिलं तो आकडा.

"भाभी, मोठं न्या. लई हुशार आहे. वापरून बघा, मग ठरवा." त्यांनी तिथंच चालू करून दिलं.

सकाळी ती झोकात निघाली. परतताना 'घर' हे बटण दाबलं आणि बाण सांगेल तशी वळत राहिली. नजर पडद्यावरून हलेना. मग यंत्र खुशीत वाजलं, घर आलं. तिनं मान वर केली, तर समोर जावेदभाईंच्या दुकानाचं बंद शटर.

तेवढ्यात तिचा कुर्ता ओला झाला. दूध आलं म्हणजे लाइबा उठली. हे घड्याळ आजवर कधी चुकलं नव्हतं.

ती धापा टाकत पोचली तेव्हा दारात अख्तरी उभ्या, कडेवर हुंदके देणारी लाइबा. सुमय्यानं लेकीला ओढणीखाली घेतलं. पोर शांत झाल्यावर अख्तरींनी विचारलं, "होतीस कुठं?"

"जावेदभाईंच्या दुकानापाशी. यंत्र तिथं चालू केलं ना, त्यानं तेच घर धरलं."

"मी सांगत असते, नवी चीज आपल्या उंबऱ्यावर ठेवून, बिस्मिल्ला म्हणून सुरू करावी. मिक्सर आणला तेव्हा ऐकलंस?"

"अम्मी, मिक्सर तर चालतोय."

"चालतोय, पण बोंबलतो किती."

तिचा नवरा मुनीब चहाच्या कपात हसला. सुमय्याला हसू येईना. "मग सायकल?"

"रस्त्यात काय काय पाहिलंस?"

सुमय्यानं आठवून पाहिलं. बाण आठवला.

"मग गेलीस तरी कशाला?" अख्तरी म्हणाल्या. "उद्या नीट बघून ये. अट तीच. आणि उद्या चुकलीस, तर माफी नाय."

संध्याकाळी सुमय्यानं मोठं यंत्र परत करून छोटं उचललं.

"भाभी, यात नकाशा नाय हां."

"रस्ता मी रस्त्यावरच बघीन. आणि जावेदभाई, चालू करू नका."

घरी अख्तरी उंबऱ्याशी बसल्या आणि त्यांनी बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. लाइबानं यंत्र चावून पाहिलं आणि तिलाही ते पसंत पडलेलं दिसलं.

दुसऱ्या सकाळी सुमय्यानं तुरीच्या शेतात मोर पाहिला, बांधावर शेळ्यांमागं धावणारी आजी पाहिली, आणि मधूनच फक्त तो आकडा. तो शून्यावर आला तेव्हा ती आपल्याच दारात होती. आत लाइबा गाढ झोपेत ओठांनी दूध ओढल्यासारखं करत होती.

"अम्मी," ती कुजबुजली, "मोर होता."

"हळू बोल," अख्तरी म्हणाल्या आणि हँडलला अजून गुंडाळलेली दुपट्यांची दोरी कायमची सोडायला लागल्या.